किडीचे दिवस ऊन बघून मोजा: विदर्भातल्या नव्या कास्तकारांसाठी

विदर्भात नव्यानं शेती हाती घेणाऱ्याला पहिल्याच हंगामात फवारणीचं वेळापत्रक कुठून ना कुठून मिळतं. पेरणीनंतर अमुक दिवसांनी पहिली फवारणी, तमुक दिवसांनी दुसरी. हे वेळापत्रक पिकाच्या वयावर बेतलेलं असतं. कीड पिकाचं वय पाहत नाही. तिला रोज किती ऊब मिळते आणि ती काय खाते, यावर तिचं अंड्यातून निघणं, कात टाकणं, कोषात जाणं ठरतं. म्हणून एकाच दिवशी, एकाच औषधानं फवारलेल्या दोन वावरांपैकी एकात अळी मरते आणि दुसऱ्यात तशीच चरत राहते. औषध बोगस निघालं असं लोक म्हणतात. पुष्कळदा औषध बरोबर असतं, अळीच हाताबाहेर मोठी झालेली असते.

कीड सर्वेक्षणाच्या कामानं मी काही हंगाम यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतली वावरं पायी फिरलो आहे. घरी डब्यांत अळ्या वाढवून त्यांच्या वह्याही ठेवल्या आहेत. तेव्हा जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती इथं कामाच्या क्रमानं देतो. उदाहरणं जास्त करून घाटेअळीची आणि गुलाबी बोंडअळीची आहेत, कारण आपल्याकडे नुकसान त्यांचंच मोठं आणि हिशेब लागू पडतो तोही त्यांनाच चांगला.

आधी हे जमवा

- कमाल-किमान तापमापी. दिवसातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान त्यात अडकून राहतं.
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. अंडी पाहायची तर याच्याशिवाय भागत नाही.
- कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे, एकरी दोन. आत लावायची वासाची गोळी म्हणजे ल्यूर, ते प्रत्येक किडीचं वेगळं असतं. घाटेअळीचं ल्यूर लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडणार नाहीत. एका सापळ्यात दोन ल्यूर टाकू नका आणि तंबाखूच्या हातानं ल्यूरला शिवू नका.
- झाकणाचे छोटे प्लास्टिकचे डबे, जुनं मलमलचं कापड, रबर, बारीक ब्रश.
- कागदपत्रं: बियाण्याच्या पाकिटावरचं लेबल, पक्की पावती, वावराचा गट नंबर, पेरणीची तारीख, औषधांच्या पावत्या. उद्या तक्रार करायची वेळ आली किंवा कृषी विज्ञान केंद्रात सल्ला मागायला गेलात, तर पहिल्यांदा हेच विचारतात.

१. तापमान नीट घ्यायला शिका

तापमापी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर टांगा. टिनाच्या छपराखाली किंवा दुपारी तापणाऱ्या भिंतीवर लावली तर कमाल तापमान दोन-चार अंशांनी चढून येईल आणि पुढचा सगळा हिशेब बिघडेल. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन्ही आकडे वहीत लिहा आणि तापमापी पुन्हा शून्यावरून, म्हणजे त्या क्षणीच्या तापमानावरून, सुरू करा. हे विसरलात तर कालचाच आकडा आज दिसतो.

तापमापी नसली तरी अडत नाही. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळ पातळीवर बसवलेली आहेत. तुमच्या मंडळाचे आकडे कृषी सहायकाला विचारून घेता येतात. मोबाइलमध्ये दिसणारं तापमान बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावाचं असतं. नागपूर शहराची रात्र आणि उमरेडकडच्या एखाद्या खेड्यातल्या वावराची रात्र हिवाळ्यात सारखी नसते. कोणतीही एक सोय निवडा, पण हंगामभर तीच ठेवा. मधेच बदलू नका.

२. अंश-दिवस काढा

किडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढं तापमान, जवळजवळ तेवढंच तिच्या शरीराचं. एका पातळीच्या खाली तिची वाढ थांबते. घाटेअळीसाठी ही पातळी साधारण ११ अंश सेल्सिअस धरतात, गुलाबी बोंडअळीसाठी १३ अंशांच्या आसपास. त्या पातळीच्या वर दिवसाला जेवढे अंश मिळाले, तेवढे त्या दिवसाचे अंश-दिवस.

कमाल आणि किमान यांची बेरीज करा, दोनानं भागा, त्यातून ११ वजा करा. एवढंच.

ऑक्टोबरातला एक दिवस घ्या: कमाल ३३, किमान २०. सरासरी २६.५. त्यातून ११ गेले, उरले १५.५. आता डिसेंबरातला दिवस: कमाल २८, किमान ११. सरासरी १९.५, उरले ८.५.

घाटेअळीला अंड्यापासून पुढच्या पिढीच्या पतंगापर्यंत ढोबळमानानं ४५० ते ५०० अंश-दिवस लागतात. मधला आकडा ४७५ धरला तर ऑक्टोबरच्या उन्हात पिढी साधारण ३१ दिवसांत पुरी होते, डिसेंबरात ५६ दिवस लागतात. पायली तीच, माप लहान-मोठं. याच ४७५ मधले सुमारे ५० अंड्यात जातात, सव्वादोनशेच्या आत-बाहेर अळीपणात, आणि उरलेले कोषात व पतंग अंडी घालण्याजोगा होईपर्यंत.

इथं नवा माणूस दोन ठिकाणी चुकतो.

पहिलं, थंडीच्या लाटेत किमान तापमान ११ च्या खाली जातं तेव्हा तो तसाच आकडा बेरजेत घेतो. समजा कमाल २६, किमान ८. रात्री अळीची वाढ थांबली, पण दिवसा झालेली वाढ काही मागे गेली नाही. म्हणून ८ च्या जागी ११ लिहा. सरासरी १८.५, अंश-दिवस ७.५. तसंच ८ घेतलं असतं तर ६ च आले असते. महिनाभरात हा फरक ४५ वर जातो, म्हणजे जवळजवळ अंडं फुटायला लागतात तेवढे.

दुसरं, ऊन जितकं जास्त तितकी वाढ जास्त असं सरळ धरतो. तसं नाही. साधारण ३५ अंशांच्या पुढं बहुतेक अळ्यांची वाढ मंदावते, चाळिशीपार अंडी सुकतात, पतंग अंडी कमी घालतात. म्हणून कमाल तापमान ३५ च्या वर गेलं तर हिशेबात ३५ च लिहा. आपल्याकडे मार्च सरता सरता हा नियम लागू होतो. अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात अंश-दिवसांचा फारसा उपयोग उरत नाही.

३. आभाळ आलं की अळी का पडते, ते आकड्यांत पाहा

तुरीला फुलं असताना आभाळ आलं की म्हातारी माणसं म्हणतात, आता अळी पडणार. ते खरं असतं. आपली समजूत अशी की ढगांमुळे गारवा होतो. नोव्हेंबरातल्या निरभ्र दिवसाचे आकडे लिहा: कमाल ३०, किमान १२. सरासरी २१, अंश-दिवस १०. आता ढगाळ दिवस: कमाल २७, किमान १९. सरासरी २३, अंश-दिवस १२. दुपार गार वाटली, पण रात्र उबदार राहिली. ढगांच्या पांघरुणामुळे जमिनीची ऊब वर निघून गेली नाही. उबदार, वारा नसलेल्या रात्री पतंग उडतातही जास्त आणि अंडीही जास्त घालतात. म्हणून आभाळाच्या दिवसांत वहीतलं किमान तापमान जास्त लक्ष देऊन पाहा. कमालपेक्षा तेच बोलतं.

मावा मात्र याच्या उलट स्वभावाचा. त्याला गारवा मानवतो, कडक ऊन पडलं की त्याची वाढ अडते. फुलकिडे आणि लाल कोळी कोरड्या उष्ण हवेत वाढतात. एका किडीचा हिशेब दुसरीला लावू नका.

४. मोजणी कुठून सुरू करायची

पेरणीच्या तारखेपासून नाही. सापळ्यात पतंगांची संख्या सलग दोन-तीन रात्री वाढलेली दिसली, किंवा शेंड्याजवळच्या कोवळ्या पानांवर, कळ्यांवर, फुलांवर पहिली अंडी दिसली, ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा. तिथून बेरीज सुरू.

घाटेअळीचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, घुमटासारखं, वर बारीक उभ्या रेघा असलेलं. घातल्या घातल्या पिवळसर पांढरं असतं, फुटायच्या आधी त्याच्यावर तपकिरी कडं दिसतं. पूर्ण काळं पडलेलं अंडं दिसलं तर फवारा खाली ठेवा. त्यात ट्रायकोग्रामा ही मित्रकीड वाढत असण्याची दाट शक्यता असते.

पहिल्या अंड्यांपासून ५० च्या पुढं बेरीज गेली की अळ्या फुटायला लागतात. साधारण १२० पर्यंत त्या लहान, मारायला सोप्या असतात. ऑक्टोबरात ही संधी चार-पाच दिवसांची, डिसेंबरात आठवडाभराची. त्यानंतर अळी बोंडात, शेंगेत, घाट्यात तोंड खुपसते आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

५. अळी डब्यात वाढवून बघा

वर दिलेले आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघणं कधीही चांगलं. एका हंगामात एवढं केलंत तर पुढं वावरात अळी पाहून तिचं वय सांगता येतं. शाळकरी मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटानं करतात, त्यांना सोबत घ्या.

तुरीवरून किंवा हरभऱ्यावरून नुकत्या फुटलेल्या अळ्या ब्रशनं उचला. बोटांनी धरल्या तर चिरडतात. एका डब्यात एकच अळी ठेवा. घाटेअळ्या एकमेकींना खातात. डब्यात पाच टाकल्या तर काही दिवसांनी एकच जाडजूड अळी आणि बाकीच्यांची टाळकी उरतील. डब्यावर तारीख आणि खाद्य लिहून चिकटवा. तोंडाला मलमल बांधा. घट्ट झाकणात घाम सुटतो आणि अळी बुरशीनं मरते.

आता खाद्य वाटा. काही डब्यांना तुरीच्या कोवळ्या शेंगा, काहींना फक्त तुरीची पानं, काहींना हरभऱ्याचा पाला, काहींना भेंडी. रोज सकाळी जुनं खाद्य आणि लेंड्या काढा, ताजं घाला. फवारलेल्या वावरातलं पान चुकूनही नको. डबे सावलीत, तापमापीजवळ ठेवा.

कपाशीची पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, द्यायचा मोह होईल. बीटी कपाशीच्या झाडातच विष असतं आणि ज्या अळ्या मारायला ती बनवली त्यांत घाटेअळी आहेच, त्यामुळे अळी मेली तर खाद्यानं मेली की थंडीनं, हे कळणार नाही. बिगरबीटी झाडं हल्ली त्याच पाकिटात मिसळून येतात, वावरात ती ओळखता येत नाहीत. भेंडी कापसाच्याच कुळातली आहे, तिच्यावर भागवा.

रोज एकच गोष्ट बघा: अळीनं कात टाकली का? कात टाकायच्या आधी ती खाणं सोडून एका जागी स्थिर बसते. दुसऱ्या दिवशी लेंड्यांमध्ये भिंगानं शोधलं तर टाळक्याचं एक तपकिरी, पोकळ टरफल सापडतं. ते सापडलं की वहीत एक टप्पा लिहा. घाटेअळी बहुधा पाच ते सहा टप्प्यांतून जाते. शेवटी खाणं थांबवून खाली फिरायला लागली की डब्यात दोन-तीन बोटं भुसभुशीत, किंचित ओलसर माती घाला. ती आत शिरून कोषात जाते.

शेवटी वही उघडा आणि प्रत्येक डब्याच्या तारखांमध्ये किती अंश-दिवस बसले ते काढा. ऊब सगळ्यांना सारखी होती, तरी आकडे सारखे येणार नाहीत. दाण्यांत प्रथिनं भरपूर, म्हणून शेंगांवरची अळी लवकर वाढते आणि तिचा कोष जड भरतो. नुसत्या पानांवरची रेंगाळते. हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब असते तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यातल्या ऑक्झॅलिकनं अळीची वाढ खुंटते. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पायाला चुरचुरतं ते याचमुळे. पावसानं आंब धुऊन गेली की पिकाचं हे संरक्षण काही काळ जातं, हे लक्षात ठेवा. जड कोषातून निघालेली मादी जास्त अंडी घालते. म्हणजे तुमच्या तुरीवर पोसलेली पिढी तुमच्याच हरभऱ्यावर मोठ्या संख्येनं येते.

एखाद्या डब्यात अळी सुकलेली आणि शेजारी चिमुकला कोष दिसला तर तो फेकू नका. ती अळीच्या अंगात वाढणारी गांधीलमाशीच्या जातीची मित्रकीड आहे. तिला वावरात सोडा. घाटेअळीचे पतंग मात्र साबणाच्या पाण्यात बुडवा.

६. धुऱ्याचा नकाशा काढा

वहीच्या मधल्या पानावर तुमच्या वावराचा आणि चारी बाजूंच्या वावरांचा कच्चा नकाशा काढा. कुठं काय पेरलंय, धुऱ्यावर काय उगवलंय, कोणतं झाड कुठं आहे. कीड तुमच्या वावरात येण्याआधी कुठंतरी जेवत असते. ती जागा या नकाशात सापडते.

घाटेअळीचा प्रवास आपल्याकडे ठरलेला: पावसाळ्यात कपाशी, नंतर फुलावर आलेली तूर, मग हरभरा, आणि ओलित असेल तिथं टमाटर. शेजारच्या तुरीत अळ्या मोठ्या झाल्या असतील तर त्यांच्या उरलेल्या अंश-दिवसांची बेरीज करा. तुमच्या हरभऱ्यावर पतंग कधी येतील याचा अंदाज तिथूनच मिळतो.

सोयाबीनमध्ये तंबाखूची पानं खाणारी अळी येते. तिचा पतंग अंडी पुंजक्यानं घालतो, वरून भुऱ्या केसांचं आवरण. एरंडी तिला फार आवडते, म्हणून सोयाबीनच्या कडेनं सापळा पीक म्हणून एरंडी लावायला सांगतात. लावा, पण दर तीन-चार दिवसांनी पानांच्या मागे बघून अंडीपुंज आणि जाळीदार झालेली पानं तोडून नष्ट करा. एरंडी लावून तिच्याकडे पाहिलंच नाही, तर वावराच्या कडेला किडीची रोपवाटिका तयार होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत सोयाबीनच्या पानांवर पांढऱ्या, कडक झालेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. ती बुरशी आहे आणि ती आपल्या बाजूनं काम करते. त्या दिसल्या तर फवारणीची घाई करू नका, बुरशीनाशकाची तर नाहीच नाही.

पिठ्या ढेकूण गाजरगवतावर दिवस काढून कपाशीवर येतो. धुऱ्याचं गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा. हुमणीचे भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसानंतर अंधार पडला की कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. हुमणीची वर्षाला एकच पिढी आणि तिला जाग येते ती पावसानं, त्यामुळे तिच्यासाठी अंश-दिवस मोजत बसू नका.

आणि युरिया. हिरवीगार, लुसलुशीत कपाशी डोळ्यांना बरी वाटते, पण तुडतुडे आणि मावा यांनाही तीच आवडते. नत्र जास्त झालं की पानातला रस त्यांच्यासाठी पौष्टिक होतो. शिफारशीपेक्षा जास्त युरिया म्हणजे पैसे देऊन किडीला चारा.

७. गुलाबी बोंडअळीचा हिशेब वेगळ्या पानावर

२०१७ च्या खरिपात या अळीनं विदर्भातल्या कपाशीचं जे नुकसान केलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. बीटीच्या विषाला ती दाद देईनाशी झाली आहे. तिचं जवळजवळ सगळं पोट कपाशीवर. थोडंफार भेंडी, अंबाडी अशा त्याच कुळातल्या झाडांवर. म्हणून तिच्या बाबतीत ऊब मोजण्याइतकंच महत्त्व कपाशी वावरात कधी असते आणि कधी नसते याला आहे.

मागच्या हंगामातल्या अळ्या सरकीत, पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत झोपून उन्हाळा काढतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पतंग निघतात. त्यांचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. त्या वेळी वावरात पाती-फुलं नसतील तर पुढची पिढी उभीच राहत नाही. मे महिन्यात ओलितावर लावलेली कपाशी नेमकी याच वेळी पातीवर येते आणि आसपासच्या सगळ्या शिवाराला अळी पुरवते. म्हणून जूनमध्ये पेरणीजोगा पाऊस झाल्यावरच कपाशी लावा, आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांशीही बोलून घ्या. हे एकट्यानं होण्यासारखं काम नाही.

पहिली खूण डोमकळी. फूल उमलत नाही, पाकळ्या गुलाबासारख्या चिकटून राहतात. उघडून पाहा, आत अळी असते. मोजणीसाठी १३ अंशांची पातळी घ्या आणि पिढीसाठी सुमारे ४५० अंश-दिवस. कमाल ३३, किमान २० असताना दिवसाला १३.५ मिळतात, म्हणजे एका पिढीला महिन्यापेक्षा थोडे दिवस जास्त लागतात. डोमकळ्या पहिल्यांदा दिसल्या त्या तारखेपासून मोजलं तर पुढच्या पिढीचे पतंग कोणत्या आठवड्यात येतील ते आधीच कळतं. सापळ्यातलं ल्यूर त्या आठवड्याआधी बदलून ठेवा.

हिरव्या बोंडात अळी शिरते तेव्हा भोक लगेच भरून येतं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. त्यामुळे नुसतं वावरात चक्कर मारून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा वावरात तिरपं चालत, वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडा आणि दगडावर फोडून आत बघा. दोन बोंडांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं म्हणजे दहा टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्याला आठ पतंग आले तरी तेच समजा.

दिवाळीनंतर मात्र अंश-दिवसांचा हिशेब या अळीला चुकू लागतो. दिवस लहान, रात्री गार आणि बोंडातली सरकी पिकून तेलकट झालेली असते. हे जुळून आलं की अळी कोषात न जाता दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत झोपी जाते. वहीप्रमाणे पतंग निघायला हवे होते, निघाले नाहीत, म्हणून कीड संपली असं समजू नका. ती पुढच्या वर्षासाठी थांबली आहे. फरदडीच्या लोभानं ओलित देऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली तर तिला घर आणि जेवण दोन्ही आपणच देतो. डिसेंबरअखेर वेचणी आटोपून पऱ्हाटी काढा.

८. फवारणीला हिशेब जोडा

हरभऱ्याच्या एक मीटर लांब ओळीत एक-दोन अळ्या, किंवा सापळ्यात सलग तीन रात्री आठ-दहा पतंग, म्हणजे हात हलवायची वेळ झाली. तुरीत झाडाखाली पोतं अंथरा, झाड हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. किती लहान, किती मोठ्या, हे वेगळं लिहा. लहान जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीच्या विषाणूचं औषध पुरतं. विषाणू उन्हात टिकत नाही, म्हणून तो संध्याकाळी फवारा. थंडीत त्याचा परिणाम दिसायला दिवस जास्त लागतात, कारण अळी खाते कमी आणि विषाणू तिच्या अंगात वाढतोही सावकाश. दोन दिवसांत अळी मेली नाही म्हणून लगेच दुसरं रासायनिक औषध मारू नका.

अळ्या मोठ्या झाल्या असतील तर वेळ गेलेली आहे. तेव्हा हातानं वेचणं आणि पक्षीथांबे उभे करणं यांनी जेवढं निभेल तेवढं निभवा आणि रासायनिक औषध लागलंच तर शिफारशीतलं, एकच, सांगितलेल्या मात्रेत. दोन-तीन औषधं एकत्र कालवायचा प्रकार पूर्ण बंद करा. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत गेलेल्या पऱ्हाटीत, उकाड्यात, उघड्या अंगानं फवारताना औषध श्वासातून आणि कातडीतून आत जातं. घाम आला की आणखी जातं. पूर्ण बाह्या, मास्क, हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीशी ठेवून फवारणं, म्हणजे औषध अंगावर येत नाही. मजुराला ही साधनं देणं मालकाचं काम आहे.

९. संत्रा असेल तर

संत्र्यात तारखेऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, पाहा. सायला ही कीड अंडी फक्त कोवळ्या नवतीवर घालते. जून पानांवर तिची पिल्लं जगत नाहीत. आंबिया बहाराची नवती, मृगाची, हस्ताची, या तीन वेळा बागेत भिंग घेऊन फिरा, बाकी वेळी सायलासाठी फवारणीची गरज फारशी पडत नाही.

फळातला रस शोषणारा पतंग ही वेगळीच भानगड आहे. तो संध्याकाळी येऊन पिकत आलेल्या फळाला भोक पाडतो, फळ गळतं. पण त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर, म्हणजे बागेच्या कुंपणावर आणि नाल्याच्या काठावर. फळं पिकायच्या आधी पावसाळ्यातच कुंपण फिरून या वेलींवरच्या अळ्या शोधून नष्ट करा आणि बागेलगतच्या वेली काढा. पडलेली फळं रोज गोळा करून पुरा.

१०. उन्हाळ्यातली कामं

रबी निघाली की मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट करा. मातीत खाली गारव्यात पडून असलेले कोष वर येतात. जे ऊन ऑक्टोबरात अळी वाढवतं, तेच एप्रिलचं ऊन त्यांना भाजून काढतं. बगळे, साळुंक्या, कावळे उरलेलं काम करतात, म्हणून नांगरट सकाळी करा, पक्षी मागे-मागे येतात.

पऱ्हाटीचे ढीग वावरात किंवा घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नका. यंत्रानं बारीक करून कंपोस्टला लावा. जळणासाठी ठेवायच्याच असतील तर त्यांवरची राहिलेली कवडी बोंडं आधी तोडून नष्ट करा. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथं सरकीतून निघणारे पतंग पकडायला कामगंध सापळे लावायची विनंती ग्रामपंचायतीतर्फे करा.

वहीतल्या नोंदी घेऊन मे महिन्यात एकदा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, संत्र्यासाठी नागपूरचीच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि सगळ्या पिकांसाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. किडीची ओळख पटत नसेल तर तिला खाद्याच्या पानासकट, हवा लागेल अशा डब्यात जिवंत घेऊन जा. मोबाइलमधला एकच अंधुक फोटो दाखवून नेमकं उत्तर मिळत नाही. जायला जमलं नाही तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोन करताना वही समोर उघडी ठेवा आणि पीक, पेरणीची तारीख, पहिल्यांदा अंडी दिसली तो दिवस आणि तिथून आजवरची बेरीज, या क्रमानं सांगा.